शेतातलं जुनं घर कुणी, कधी बांधलं हे आता कसं शोधायचं?

सांगणारं कुणी उरलं नाही असं तुम्ही लिहिलंय. आमचंही तसंच होतं. पाटण तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या घराला आम्ही भावंडं पणजोबांचं घर म्हणायचो. कागद काढले तेव्हा कळलं, ते बांधलं आजोबांनी.

आताच्या सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे नंबर असतात, ते धरून मागं जात राहा. बरेच जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी वेबसाइटवर मिळतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. आमच्या पणजोबांचं नाव सापडलं ते कुळाच्या रकान्यात, मालक दुसरेच. १९४८ च्या कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक मानला गेला. पण त्याच कायद्याच्या ३२ ग कलमाखाली जमिनीची किंमत ठरून, हप्ते फेडून ३२ म कलमाचं खरेदीचं सर्टिफिकेट हाती येईपर्यंत काही वर्षं गेली. दुसऱ्याच्या रानात कूळ दगडी जोतं कशाला घालील? तोवर तिथं कुडाचं छप्पर होतं.

घराची नोंद बघायला ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही मागा. पण घराकडेही नीट बघा. आमच्या माजघराच्या तुळईला एका रांगेत चौकोनी खाचा आहेत, त्यांत काहीच बसवलेलं नाही. लहानपणी मी तिथं गोट्या लपवायचो. कौलं बदलायला आलेल्या सुतारानं बघताक्षणी सांगितलं, "ही माडीची तुळई. यात माडीच्या जमिनीच्या कड्या, ती आडवी लाकडं, बसत होत्या."

आमच्या घराला माडी? वडील गेलेले, म्हणून आत्याला फोन केला. ती म्हणाली, होती की! ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात आमच्या मातीच्या भिंती बसल्या. जोतं तेवढं राहिलं. त्याच लाकडांवर आजोबांनी पुन्हा घर उभं केलं, पण आजी माडीला हो म्हणाली नाही.

तेव्हा तुमच्या घरातून लग्न होऊन गेलेल्या बायकांना आधी शोधा. आत्याला इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. जोत्याचे दगड ओढ्यातून कुणी आणले, तेही तिनंच सांगितलं: आजीनं आणि तिनं, डोक्यावर चुंबळ ठेवून, शाळा सुटल्यावर.