वाचकांचे प्रश्न: दिंडीबरोबर फिरणारं, दाबाच्या पाण्याचं हात धुण्याचं केंद्र

प्रश्न : आमच्या दिंडीत सुमारे ३०० वारकरी असतात. मुक्काम रोज बदलतो, पाणी टँकरचं. पंगतीआधी सगळ्यांना साबणाने हात धुता यावेत म्हणून पंपावर चालणारं केंद्र करायचं आहे. काय काय घ्यावं आणि कसं जोडावं? — एक दिंडीचालक

आधी पाण्याचा हिशेब मांडा, कारण सगळं सामान त्यावरच ठरतं. हात भिजवायला ५ सेकंद, साबण खळखळून काढायला १५ सेकंद, म्हणजे नळ माणशी २० सेकंद चालतो. मधली २० सेकंदं साबण चोळायची, तेव्हा नळ बंद हवा. नळातून मिनिटाला १.२ लिटर पाणी येत असेल, तर एका माणसाला ४०० मिलिलिटर पुरतं. दोन वेळच्या जेवणांचं मिळून ६०० वेळा हात धुणं झालं, म्हणजे दिवसाला २४० लिटर. शौचाहून आल्यावरचं धुणं वेगळं धरा. घरचा नळ पूर्ण सोडला तर याच्या पाच-सहा पट पाणी जातं. दाबाचा उपयोग इथे आहे : थोडंच पाणी, पण जोराने आणि पसरून आलं की साबण लवकर निघतो.

सामान असं : खाण्याच्या वस्तूंसाठी वापरलेला किंवा नवा २०० लिटरचा ड्रम (रसायनाचा रिकामा ड्रम कितीही धुतलेला असला तरी नको), १२ व्होल्टचा, मिनिटाला ४ लिटर देणारा डायफ्रॅम पंप, ज्यात प्रेशर स्विच (दाब पुरेसा झाला की पंप थांबवणारा आणि घटला की लावणारा) आतच असतो, जाळीचा फिल्टर, बॉल व्हॉल्व्ह, आरओ यंत्राला असते तसली छोटी प्रेशर टाकी, तीन नळ, प्रत्येक नळाच्या तोंडाला मिनिटाला १ ते १.५ लिटर सोडणारा एरेटर (धार पसरवणारी बारीक जाळी), १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी, ५ अँपिअरचा फ्यूज, ब्रेडेड पाईप, होज क्लिपा आणि टेफ्लॉन टेप. तीनपेक्षा जास्त नळ लावू नका. ४ लिटरच्या पंपावर चौथा नळ उघडला की चारही नळ रडतात.

जोडणीचा क्रम चुकवू नका : ड्रम, बॉल व्हॉल्व्ह, फिल्टर, पंप, प्रेशर टाकी, मग नळांचा पाईप. ड्रमचं भोक तळापासून ५ सेंटिमीटर वर पाडा म्हणजे गाळ खालीच राहतो. पंप ड्रमच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवा, म्हणजे त्याला पाणी ओढत बसावं लागत नाही. पंपावर बाण असतो, त्याच दिशेने पाणी जायला हवं. ड्रमपासून पंपापर्यंतचा पाईप कडक आणि आखूड हवा. मऊ पाईप ओढीने आतल्या आत चपटा होतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरावरच बसवा. नळ मोठ्यांसाठी जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर, दोन नळांत निदान ५० सेंटिमीटर अंतर. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो, तेव्हा तो आधी फळ्यांवर पक्का बसवून मगच भरा.

पहिल्यांदा सुरू करताना तिन्ही नळ उघडे ठेवा, व्हॉल्व्ह उघडा आणि पंप लावा. हवा फुसफुसत निघून गेली की नळ एकेक करून बंद करा. शेवटचा नळ बंद झाल्यावर थोड्याच सेकंदांत पंप आपोआप थांबायला हवा. नंतर दहा मिनिटं कुणीही हात लावू नका. तेवढ्यात पंप आपसूक सुरू झाला तर कुठेतरी गळती आहे. नळाखाली लिटरची बाटली धरून ती किती वेळात भरते ते मोजा. ५० सेकंद लागले तर १.२ लिटरचा हिशेब जमला.

वेळेचं सांगायचं तर, माणूस येऊन हात धुऊन जाईपर्यंत नळाशी साधारण ३० सेकंद जातात. साबण चोळणारा बाजूला सरकून उभा राहिला तरच हे जमतं. तीन नळांवर मिनिटाला ६ जण, म्हणजे शंभरांच्या पंगतीला १७ मिनिटं. तीनशे जण एकदम बसवायचे असतील तर दुसरा संच घ्याच, नाहीतर लोक न धुताच पानावर जातील.

बॅटरीचं : २४० लिटर ओतायला पंप ६५-७० मिनिटं चालतो. ३ अँपिअर ओढणारा पंप धरला तर साडेतीन अँपिअर-तास खर्च होतात. शिसाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, तेव्हा हे बसतं, पण काठोकाठ. रोज रात्री चार्ज करा आणि दुसरी भरलेली जवळ ठेवा. आषाढात ढग असतात, सोलर पॅनलवर विसंबू नका.

प्रश्न : पंप चालतो, पण पाणी तुटक तुटक येतं. कधी थुंकल्यासारखं. पंप खराब झाला का?

बहुधा नाही. ड्रम आणि पंपाच्या मधे हवा शिरते आहे. सर्वांत संशयित जागा म्हणजे फिल्टरची वाटी : जाळी धुऊन परत बसवताना रबरी रिंग वाकडी बसते किंवा तिच्यावर रेतीचा कण राहतो. पंप चालू असताना प्रत्येक जोडावर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथे गळती. रिंग पुसा, सरळ बसवा, क्लिप आवळा. ड्रममधलं पाणी भोकाजवळ आलं की भोवरा होऊनही हवा जाते. हेही पाहून घ्या.

जोड ठीक असतील तर बॅटरी मोजा. तासभर स्वस्थ ठेवलेली बॅटरी भरलेली असेल तर १२.७ व्होल्टच्या आसपास, निम्मी असेल तर १२.२. पंप लावताच ११ च्या खाली घसरली, तर बॅटरी गेली. यानंतरच पंप उघडा. आतल्या छोट्या रबरी झडपांत वाळूचा कण अडकला तरी दाब बनत नाही आणि पंप थांबतच नाही.

प्रश्न : नळ थोडा उघडला की पंप धडधड चालू-बंद होतो.

प्रेशर टाकी नसेल तर लावा, असेल तर तिच्यातली हवा तपासा. टाकीत रबरी फुगा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. आरओची टाकी साधारण ७ पाउंड हवेने येते, ती या कामाला कमी पडते. पंप २५ पाउंडाला सुरू होऊन ४० ला थांबत असेल, तर टाकीतलं पाणी पूर्ण काढून हवा २३ पाउंड भरा. सायकलचा पंप आणि टायरचा गेज पुरतो. टाकीवर लिहिलेला कमाल दाब आधी वाचा. फवारणीचे काही पंप ६० पाउंडाच्याही वर थांबतात. असा दाब हात धुण्याला नको, पाणी अंगावर उडतं आणि जोड सुटतात. स्विचचा स्क्रू फिरवून तो ४० वर आणा.

प्रश्न : पंपाऐवजी ड्रममध्येच कॉम्प्रेसरने हवा भरली तर?

कधीही नाही. २०० लिटरच्या ड्रमच्या झाकणाचं क्षेत्रफळ सुमारे २५०० चौरस सेंटिमीटर असतं. आत फक्त १ किलो प्रति चौ. सें.मी. दाब झाला तरी झाकणावर अडीच टनांचा रेटा येतो. हे ड्रम त्यासाठी बनलेले नाहीत. ड्रम फुटला तर समोरचा माणूस वाचेलच असं नाही.

प्रश्न : शेतातला जुना फवारणी पंप धुऊन वापरला तर चालेल?

नाही. कीटकनाशक रबरात आणि प्लॅस्टिकात मुरतं, कितीही धुतलं तरी थोडं थोडं सुटत राहतं. नवा १६ लिटरचा हाताचा पंप मात्र लसीकरण शिबिरासारख्या छोट्या कामाला उत्तम : एका भरणीत सुमारे ४० जणांचे हात. त्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त हात धुण्यासाठी’ असं रंगवा, नाहीतर हंगामात तो शेतात जाईल.

प्रश्न : ड्रम कसा आणि किती दिवसांनी धुवायचा?

वारीच्या आधी आणि नंतर, शिवाय दर आठवड्याला. १०० लिटर पाण्याला २० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घ्या. पावडर थेट ड्रममध्ये टाकू नका. बादलीत कालवा, निवळू द्या, वरची नितळ निवळीच ओता, कारण चुन्याचा गाळ एरेटर बुजवतो. नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवा, चार तास ठेवा, मग सगळं सोडून साध्या पाण्याने वास जाईपर्यंत धुवा. रोजच्या पाण्याला १००० लिटरला ५ ग्रॅम हा ग्रामपंचायतीचा नेहमीचा हिशेब पुरे, आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे पाहण्याची चाचणी) घ्या. एरेटरवर क्षार बसले तर लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा, पण टीसीएल आणि लिंबू कधीही एकत्र नकोत, विषारी वायू निघतो.

साबण : वडी चिखलात पडते, हरवते. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपड्यांची पावडर कालवून बाटलीत भरा, झाकणाला भोक पाडा आणि बाटली नळाशेजारी दोरीने बांधा.

प्रश्न : सांडपाण्याचं काय करावं?

मुरुमाच्या जमिनीत ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ७० खोल खड्डा केला तर त्यात २५० लिटर मावतं. एका दिवसाचं पाणी मुरलं नाही तरी बाहेर येत नाही. खड्डा चुलीपासून आणि विहिरीपासून दूर हवा, त्यावर फळी टाका, आणि निघताना बुजवा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही. तिथे नळांखाली पाणी धरणारी ताटली ठेवून तिच्याखाली दुसरा रिकामा ड्रम लावा आणि भरला की दूर नेऊन रिता करा. केंद्राभोवती चिखल झाला की माणसं लांबूनच जातात, म्हणून पायांखाली खडी किंवा जुनी पोती अंथरा.