साडेतीन वर्षांची मुलगी २० पर्यंत आकडे म्हणते पण ‘४ ठोकळे दे’ म्हटलं की मूठभर देते, असं का?
काळजीचं काही नाही, आकडे म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं, तिला ते वीस आकडे सध्या बडबडगीतासारखे पाठ आहेत इतकंच. मोजताना शेवटी येतो तो आकडा म्हणजेच ‘एकूण किती’ हे नंतर कळतं. कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या सुमारास नेमका हाच ‘इतके दे’वाला खेळ मुलांसोबत करून बघितला, तर आधी एक कळतो, काही महिन्यांनी दोन, मग तीन, आणि साधारण साडेतीन-चारला एकदम ट्यूब पेटते. तोवर पन्नासपर्यंत घोकून घेऊ नका (पाहुण्यांसमोर तर नकोच), तीन ठोकळे ठेवून ‘हे बघ, तीन’ म्हणा आणि मग एकेकाला बोट लावून मोजा. फक्त पाच पूर्ण झाल्यावरही दोन-तीन वस्तू मोजून देता येत नसतील तर डॉक्टरांशी एकदा बोला.