रिपॉझिटरीला आधी माणूस हवा की आधी वेबसाइट?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या विद्यापीठ ग्रंथालयात डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर रिपॉझिटरी (प्रबंध-लेखांचा ऑनलाइन साठा) उभारायची आहे, मंजूर पदे दोनच, शिवाय वेबसाइटसाठी एकरकमी निधी आहे. भर कशावर द्यावा?

माणसांवर. बहुतेक वाचक तुमचे मुखपृष्ठ बघतच नाहीत. गूगल किंवा गूगल स्कॉलरवरून ते थेट एखाद्या प्रबंधाच्या पानावर उतरतात, पीडीएफ उघडतात आणि निघून जातात. ते पान त्यांना सापडेल की नाही, हे नोंद करणाऱ्यावर ठरते.

म्हणून पहिले पद मेटाडेटाचे, म्हणजे लेखक, शीर्षक, विषय, भाषा यांच्या नोंदीचे ठेवा. ते कायमचे असावे आणि त्यावर ग्रंथालयशास्त्र शिकलेली व्यक्ती असावी. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर हे काम देऊ नका; नावे कशी लिहायची याचे ठरलेले नियम माणसाबरोबरच निघून जातात. दुसरे पद स्कॅनिंग आणि अपलोडचे. सर्व्हरसाठी संगणक केंद्रातल्या एका व्यक्तीचा आठवड्यातला एक दिवस लेखी आदेशाने बांधून घ्या. ‘अडलं तर फोन करा’ यावर सर्व्हर चालत नाही.

मेटाडेटाला एवढे महत्त्व का, हे गोव्यात तर लगेच कळते. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्यांचा संग्रह आहे त्या पांडुरंग पिसुर्लेकरांचेच नाव घ्या. मराठी पुस्तकावर ते देवनागरीत, पोर्तुगीज ग्रंथावर वेगळ्याच रोमन स्पेलिंगने. शेणवी आणि सिनाय, कामत आणि कामोतिम यांचेही तेच. डीस्पेसला यातले काही आपोआप उमगत नाही. प्रत्येक रूपाला तो वेगळा लेखक समजतो. एक अधिकृत रूप ठरवा, बाकीची पर्यायी म्हणून नोंदवा, आणि ही यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. हजार नोंदी झाल्यावर ती करायला बसलात तर जीव मेटाकुटीला येतो.

भाषेचेही तसेच. डीस्पेसच्या मूळ सबमिशन फॉर्ममधल्या भाषांच्या यादीत पोर्तुगीज आहे, मराठी आणि कोंकणी नाहीत. कर्मचारी ‘इतर’ निवडत जातो आणि सगळा गोव्याचा ऐवज ‘इतर’मध्ये जमा होतो. सबमिशन-फॉर्म्स नावाच्या एक्सएमएल (मांडणीच्या) फाइलीत दोन्ही भाषा आधीच घाला. कोंकणीसाठी लिपीचा वेगळा रकाना करा, कारण रोमी (रोमन लिपीतली कोंकणी) आणि देवनागरी वाचणारे बऱ्याचदा वेगळे असतात आणि भाषेच्या कोडवरून लिपी कळत नाही.

सर्वांत फसवा भाग जुन्या मराठी प्रबंधांचा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ पडद्यावर अगदी नीट दिसते. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा: रोमन अक्षरे आणि चिन्हांचा कचरा येतो. डीस्पेसची फिल्टर-मीडिया ही आज्ञा नेमका तोच कचरा काढून सोलर या शोधयंत्रणेच्या सूचीत भरते, म्हणून ‘मुंडकार’सारखा शब्द शोधले तर शून्य निकाल. अशा फाइलींवर ओसीआरमायपीडीएफ (पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखणारे साधन) ‘फोर्स-ओसीआर’ पर्यायासह, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा देऊन चालवा. तो पर्याय नसेल तर पानावर मजकूर आधीच आहे असे सांगून ते थांबते. कागदावरून स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरते, बारीक टाइपाला ४००. पावसाळ्यात दमट झालेले कागद आधी सुकू द्या. चिकटलेली पाने घाईने सोडवताना फाटतात.

वेळेचा अंदाज: तयार पीडीएफ असलेल्या एका प्रबंधाला तपासणीसकट अर्धा तास धरा. शोधगंगेला (भारतीय प्रबंधांच्या राष्ट्रीय साठ्याला) प्रकरणवार फाइली द्याव्या लागतातच, तेव्हा दोन्हीकडची नोंद एकाच बैठकीत एकाच माणसाने करावी.

आता डिझाइन. डीस्पेस ७ पासून (२०२१) दर्शनी भाग अँग्युलर या वेब-चौकटीत आहे, त्यामुळे रंग आणि बोधचिन्ह यापलीकडचा प्रत्येक बदल पुढच्या आवृत्तीला पुन्हा करावा लागतो. वर शोधपेटी, खाली विभागांची यादी, मोबाइलवर नीट दिसणारे नोंदीचे पान, एवढे पुष्कळ झाले. कुलगुरूंच्या फोटोंचा सरकता पट्टा नको. जीआयजीडब्ल्यूचे (सरकारी वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक सूचनांचे) सुगम्यतेचे निकष मात्र कंत्राटात लिहा.

सर्व्हर-साइड रेंडरिंग, म्हणजे पान सर्व्हरवरच तयार करून पाठवणे, बंद करू नका. ते नसेल तर स्कॉलरसारख्यांच्या रोबोंना (पाने आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रॅमना) रिकामे पान मिळण्याची भीती असते. पण त्याला मेमरी लागते, १६ जीबी तरी ठेवा. हल्ली एआयचे रोबो शोध आणि ब्राउझच्या दुव्यांवर तुटून पडतात आणि पाने तयार करणारा नोड हा प्रोग्रॅम प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर नेतो. रोबोट्स फाइलीत ते मार्ग बंद करा, साइटमॅप (पानांची यादी) चालू ठेवा, आणि न ऐकणाऱ्या रोबोंसाठी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंत्यांवर मर्यादा घाला.

पहिली नोंद टाकण्याआधी हँडलचा (प्रत्येक नोंदीच्या कायम दुव्याचा) स्वतःचा उपसर्ग घ्या. मूळचा १२३४५६७८९ हा फक्त चाचणीसाठी असतो. नंतर बदलता येतो, पण तोवर प्रबंधांच्या संदर्भसूचीत छापून गेलेले दुवे मेलेलेच राहतात. हँडल सर्व्हरसाठी २६४१ आणि ८००० हे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडून घ्या.

वेबसाइट बनवणाऱ्या एजन्सीशी करार करताना थीमचा सोर्स कोड आणि सर्व्हरचा रूट (सर्वाधिकार) पासवर्ड ग्रंथालयाकडे राहील, असे कलम घाला. बॅकअपमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि अ‍ॅसेटस्टोअर (मूळ फाइलींचा साठा) दोन्ही एकाच रात्रीचे हवेत. अ‍ॅसेटस्टोअरमध्ये फाइलींची नावे लांबलचक आकडे असतात, पुढे एक्स्टेन्शनही नाही. डेटाबेस गेला तर कोणती फाइल कोणाची, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. डाउनलोडची आकडेवारी या दोन्हींत नसते, ती सोलरमध्ये असते. ती वेगळी एक्स्पोर्ट करा, नाहीतर नॅकच्या (विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या) वेळी दाखवायला काही उरत नाही.