सारखं बिल की चौरस फुटावर?

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत, निम्मे वन बीएचके, निम्मे टू. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा. ‘ज्याचं घर मोठं त्याने जास्त भरावं, हीच खरी समता,’ असं आम्ही छोट्या घरवाल्यांनी म्हटलं की सभेत भांडण होतं. नेरुळला मेव्हण्यांकडे मात्र क्षेत्रफळावर बिल येतं. बरोबर कोण? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी नोंदणीचे कागद काढून बघा. मेव्हण्यांची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असणार. नवी मुंबईत, विशेषतः सिडकोच्या वसाहतींत, अशा अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन बऱ्याच आहेत. तिथे घोषणापत्रात (इमारतीच्या नोंदणीकृत मालकी-दस्तात) प्रत्येक घराचा सामाईक जागेतला टक्का लिहिलेला असतो आणि खर्च त्या टक्क्याने वाटला जातो. तुमची सोसायटी १९६० च्या सहकार कायद्याखालची असेल, तर आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीचे शासनाचे नमुना नियम, लागू होतात, आणि तिथे समतेचं एकच माप नाही. प्रत्येक खर्चाला वेगळं माप आहे.

वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, ऑडिट फी हे सेवाशुल्क. ते सर्वांना समान, कारण गेटवरचा वॉचमन कुणाच्या हॉलची लांबी मोजून पहारा देत नाही. लिफ्टचंही तसंच; तळमजल्यावाला कितीही कुरकुरला तरी. पाणीपट्टी मात्र नळांची संख्या आणि आकार बघून. उन्हाळ्यात टँकर मागवता, तो खर्चही पाण्याच्याच रकान्यात टाकणं तर्काला धरून आहे. बहुतेक ठिकाणी तो सेवाशुल्कात ढकलला जातो. मालमत्ता कर महापालिकेच्या आकारणीप्रमाणे.

तुमची तक्रार खरी ठरते ती फंडांपाशी. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायची गंगाजळी, बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड किमान ०.७५ टक्के, तोही ज्याच्या त्याच्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर. जमिनीची किंमत यात धरायची नाही, आजचा बाजारभाव तर नाहीच. समजा बांधकाम २,४०० रुपये चौरस फुटाने झालं. ५०० फुटांच्या घराचा खर्च १२ लाख, म्हणजे दोन्ही फंड मिळून महिना १,००० रुपये. ८०० फुटांच्या घराचा खर्च १९ लाख २० हजार, म्हणजे महिना १,६००. हिशेबनीस सगळं एकत्र करून ८४ ने भागतो तेव्हा दोघांच्याही बिलात १,३०० पडतात, आणि छोटं घर मोठ्याचे वर्षाला ३,६०० रुपये भरत राहतं. तेव्हा सभेत ‘सगळंच क्षेत्रफळावर करा’ म्हणू नका, तिथे तुम्ही हराल. बिलात प्रत्येक रकाना वेगळा दाखवा, एवढंच लेखी मागा आणि पत्राची पोच घ्या. एक पंचमांश सभासदांच्या सह्या जमवल्या तर समितीला महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावीच लागते.

प्रश्न : ऐरोलीतला फ्लॅट आयटीतल्या दोन मुलांना भाड्याने दिला. सोसायटी ‘बॅचलर चार्ज’ म्हणून महिना ३,००० लावते. सभेत ठराव झालाय म्हणे. सोसायटीची परवानगी न घेता भाडेकरू ठेवले, हाही राग आहे. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : असा चार्ज उपविधींत नाही. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी, तेवढं घेता येतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि लग्न न झालेल्या भाडेकरूला त्यात वेगळा दर नाही. सेवाशुल्क २,५०० असेल तर २५० रुपये, बस्स. शासनाच्या २००१ च्या आदेशाने ही मर्यादा घातली आहे. ठराव एकमताने झाला तरी तो ती ओलांडू शकत नाही. परवानगीचीही गरज नाही, आठ दिवस आधी कळवून कराराची प्रत द्यायची असते. मात्र लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा, करार नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची, आणि बरेच जण नेमके तिथेच अडकतात. पोलिसांनाही माहिती द्या.

चिडून बिल थांबवू नका. थकबाकीवर सरळ व्याज दरसाल २१ टक्क्यांपर्यंत लागतं आणि नाव थकबाकीदारांत जातं. ‘हरकत राखून’ असं लिहून भरा, सचिवांना पत्र द्या, उत्तर आलं नाही तर त्या पत्राच्या पोचपावतीसह सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. पुढेमागे त्या घरात लेक-जावई राहायला आले, तर हे २५० रुपयेही द्यावे लागणार नाहीत.