मस्का न मारताही मॅडमशी जमू शकतं

नमस्कार,

तुमची मुलगी पहिल्या नोकरीत जीव ओतून काम करते, तरी मॅडम तिच्याशी तुटक बोलतात आणि महत्त्वाचं काम तिच्यानंतर रुजू झालेल्या मुलाला देतात, असं तुम्ही लिहिलंत. ‘मला पुढे पुढे करायला जमत नाही’ असं तिचं म्हणणं. आणि तुमचा प्रश्न : मी स्वतः मॅडमना फोन करू का, की तिने सरळ नोकरी बदलावी?

फोन अजिबात करू नका. त्यानंतर मॅडमच्या लक्षात मुलीचं काम राहणार नाही, वडिलांचा फोन तेवढा राहील.

तुमच्या पत्रात ओघात आलेला एक प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटला. रिपोर्ट द्यायच्या दिवशी सकाळी तिने मॅडमना सांगितलं, की दुसऱ्या विभागाकडून आकडेच आलेले नाहीत. मॅडम चिडल्या. चूक नसताना ऐकून घ्यावं लागलं म्हणून ती दुखावली. आकडे आले नाहीत यात तिची चूक नाहीच. पण ते वेळेत येणार नाहीत, याचा अंदाज तिला आधीच आला असणार. तोवर मॅडम त्यांच्या वरिष्ठांना तारीख सांगून बसल्या असतील. बॉसलाही बॉस असतो, हे नव्या मुलांच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘आकडे अजून आले नाहीत, मी आठवण केली आहे, तुम्ही एक मेल टाकलात तर लवकर मिळतील,’ एवढं दोन दिवस आधी कळलं असतं, तर मॅडमना काहीतरी करता आलं असतं. हे सांगणं म्हणजे पुढे पुढे करणं नव्हे, तो कामाचाच भाग आहे. अडचण शेवटपर्यंत स्वतःशीच ठेवणारी माणसं कितीही कष्टाळू असली, तरी त्यांच्यावर मोठं काम सोपवायला बॉस कचरतात. त्या मुलाला काम का मिळालं ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण त्याने मस्काच मारला असेल, असं मी लगेच धरून चालणार नाही.

जॉन गबारो आणि जॉन कॉटर या व्यवस्थापनाच्या दोन प्राध्यापकांनी १९८० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ या नियतकालिकात याच विषयावर लिहिलं होतं. बॉस आणि हाताखालचा माणूस दोघंही एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून बॉसवर कसला दबाव आहे आणि त्याची कामाची पद्धत काय आहे, हे समजून घेणं हाताखालच्यानेही आपलं काम मानावं, असं त्यांचं म्हणणं. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांचं एक निरीक्षण तर फारच उपयोगी आहे : काही माणसांना वाचून नीट कळतं, काहींना ऐकून. वाचणाऱ्याला आधी चार ओळी लिहून पाठवाव्यात, मग भेटावं. ऐकणाऱ्याला आधी तोंडी सांगावं, मेल नंतर. मॅडम कोणत्या प्रकारातल्या, हे ओळखत बसण्यापेक्षा तिने सरळ विचारावं, ‘कामाची स्थिती मेलवर कळवू की समोर येऊन सांगू?’ कुणाला राग येण्यासारखा हा प्रश्न नाही.

त्या मुलाचा विषयही काढायला हवा, पण त्याचं नाव न घेता. मॅडमना मोकळा वेळ असेल तेव्हा म्हणावं, ‘मलाही असं काम करायचंय. त्यासाठी माझ्यात काय सुधारायला हवं?’ उत्तर आलं की तिथे वाद घालू नये, लिहून घ्यावं. पुढच्या महिन्यात त्यातलं काय जमलं ते आपणहून सांगावं.

अपमान, शिवीगाळ, दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटणं असं काही घडत असेल, तर मात्र माझा सल्ला वेगळा आहे. मग तारीखवार नोंदी ठेवायच्या, एचआरकडे लेखी तक्रार करायची आणि दुसरीकडे अर्जही सुरू करायचे. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. तुटक बोलणं हा काहींचा स्वभावच असतो, आणि त्यातले बरेच जण कामाच्या बाबतीत चोख निघतात.

तेव्हा नोकरी बदलण्याचा निर्णय तीन महिने पुढे ढकला. हे उत्तर तिला वाचायला द्या, पण पटवायला बसू नका. मॅडमना रोज ती बघते, तुम्ही-मी नाही. यातलं काय घ्यायचं ते तिलाच ठरवू द्या.