खड्डा लागला की ५०-६० च्या वेगाला जिप्सीचं स्टेअरिंग जोरात थरथरतं, व्हील बॅलन्सिंग करूनही जात नाही. काय तपासावं?

आधी किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ते) तपासा, मग टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्यांच्या टोकांचे सांधे). बॅलन्सिंगवर आणखी पैसे घालू नका. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या जिप्स्या आमच्या गॅरेजात येतात, त्यांत बहुतेकदा दुखणं तिथेच निघतं. वाळूत, खाऱ्या पाण्यात गाडी घातली की नकलचं (चाक वळवणाऱ्या सांध्याचं) ऑइल सील फाटतं, आतलं ग्रीस पाण्याने दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतं. पुढचं चाक जॅकवर उचला (खाली स्टँड हवाच), वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. तरीही राहिला तर किंगपिन. बेअरिंग चांगलं असेल तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून काम भागतं, बेअरिंगवर खड्डे पडले असतील तर सील-बेअरिंग दोन्ही बाजूंचं बदला. टाय रॉडसाठी चाकं जमिनीवरच ठेवा, एकाने स्टेअरिंग थोडंथोडं डावं-उजवं करावं आणि तुम्ही खाली वाकून कुठला सांधा उशिरा हलतो ते बघा. जाता जाता पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुशही (सांध्यातले रबरी तुकडे) बघाच. कुणी नुसता नवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) टाकायला सांगेल. त्याने थरथर काही दिवस दबते, इतकंच. मात्र पाटे बदलून गाडी उंच केली असेल तर हे सगळं घट्ट असूनही थरथर येऊ शकते, कारण कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी झालेला असतो. तेव्हा अलाइनमेंटमध्ये तो मोजून घ्या.