लोगोच्या मागे दडलेल्या ओळी

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात सहा जुनी मशीन्स आहेत, सगळ्यांवर लिनक्स मिंट. त्यातलं एक आठवड्यातून दोनदा तरी सुरू होताना लोगोवरच अडकून बसतं. एस्केप दाबलं तर दोन-तीन ओळी दिसतात, त्यातून काही उमगत नाही. बटण दाबून बंद करावं लागतं. पुन्हा चालू झाल्यावर डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) पाहिलं, तर अडकल्याचा मागमूस नसतो. नेमकं काय अडतंय ते बघायचं कसं?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : डीमेसेजमध्ये काही सापडत नाही, यात तुमची चूक नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपले संदेश आधी मेमरीत लिहितो. डिस्क लिहिण्यासाठी उघडली की मगच जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, ते डिस्कवर उतरवून घेतं. तुमचं मशीन त्याआधीच अडत असेल, तर बटण दाबल्याबरोबर सगळं पुसलं जातं. अशा वेळी पडद्यावर जे दिसतं तेवढाच पुरावा, आणि नेमका तोच लोगोनं झाकलेला असतो.

तरी एकदा ‘जर्नलसीटीएल’ला वजा बी, वजा एक जोडून मागच्या वेळची नोंद मागून बघा. पण पहिल्या ओळीवरची तारीख-वेळ आधी तपासा. अडकलेली खेप नोंदलीच गेली नसेल, तर त्याच्या आधीची धडधाकट खेप समोर येते आणि माणूस तासभर तीच वाचत बसतो.

आता लोगो हटवू. मशीन चालू करताच शिफ्ट दाबून धरा (मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू होत असेल तर एस्केप), ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी येईल. पहिल्या नावावर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दानं सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीच्या शेवटाकडे ‘क्वाएट स्प्लॅश’ असतं. ते दोन्ही शब्द खोडा, त्यांच्या जागी ‘लॉगलेव्हल’, बरोबरचं चिन्ह आणि ७ लिहा, मग एफ१०. संदेशांच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या असतात, ० सर्वांत गंभीर. ‘क्वाएट’ असताना साधारणपणे ० ते ३ एवढ्याच दिसतात, ७ दिल्यावर ० ते ६ दिसू लागतात. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो. तुमचं मशीन कधीतरीच अडतं, म्हणून ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरातल्या ग्रब फाइलमध्ये हेच करून ‘अपडेट-ग्रब’ चालवा. मुलांना लोगोऐवजी ओळी दिसल्या तर बिघडत नाही. उलट दिसाव्यातच, असं मला वाटतं.

पूर्वी शिफ्ट आणि पेज-अप दाबून वर सरकलेल्या ओळी परत बघता यायच्या. २०२० च्या ५.९ कर्नलपासून ती सोय काढून टाकली, याची हळहळ मला अजून आहे. ओळी वेगानं पळत असतील तर ‘लिनक्स’च्या त्याच ओळीत ‘बूट_डिले’ला १०० द्या : दर ओळीमागे १०० मिलिसेकंदांचा थांबा, म्हणजे हजार ओळींना शंभर सेकंद. कर्नल बांधताना ही सोय ठेवली असेल तरच ते चालतं. नसेल तर मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. मी कित्येकदा हेच करतो.

आणि वाचताना शब्दांच्या आधी डावीकडचा चौकटी कंसातला आकडा बघा. कर्नल सुरू झाल्यापासूनचे ते सेकंद. एका गावच्या वाचनालयातलं मशीन असंच लोगोवर अडायचं. ‘क्वाएट’ काढलं, तर २ सेकंदांपर्यंत ओळी सलग, मग एकदम ३२, मग ६३. दर उडीपाशी तीच ओळ : ‘एटीए१ : हार्ड रिसेटिंग लिंक’. कर्नल डिस्कच्या उत्तराची तीस-तीस सेकंद वाट बघत होता. डिस्क बदलायची तयारी झाली होती. मी खोकं उघडलं, तर डिस्कला जोडणारी साटा केबल टोकाशी सैल. केबल बदलली, डिस्क तीच आहे.

तुमच्याकडे केबलच असेल असं नाही. पडदा ओळींच्या मध्येच काळा पडला, तर संशय ग्राफिक्सवर. तेव्हा ग्रबमधल्या ‘लिनक्स’च्या ओळीत ‘नोमोडसेट’ (पडदा साध्या पद्धतीनं चालवायला सांगणारा शब्द) जोडून बघा. पुढच्या वेळी अडलं की बटणाकडे हात नेण्याआधी दोन मिनिटं थांबा, शेवटच्या पडद्याचा फोटो घ्या, डावीकडचे आकडे स्पष्ट येतील असा. तो मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.